नादकांडी

“त्रिशे, घरात भुंगा शिरलाय काय गं?” आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

मी नुसते ओठ हलवून उत्तर दिलं. घशातून आवाज काढला नाही, श्वाससुद्धा रोखून धरला होता. गळ्याला टेकवलेली साबणाची डबी तेवढी थरथरत होती.

“भुंगा नाय. मी, आई.”

सपाट, पत्र्यावर घासल्यासारखा आवाज खोलीत उमटला. आत परात पडली. आई पिठाच्या हातांनी दारात आली आणि माझ्या तोंडाकडं, मग डबीकडं, मग पुन्हा तोंडाकडं बघत राहिली.

“कोण बोललं ते?”

“मीच. पण गळ्यानं न्हाई, ह्यानं.”

मी डबी उघडून दाखवली. आत दारावरच्या घंटीचं वेटोळं, एक लोखंडी खिळा, त्यावर बेकेलाइटची चकती, चार पेन्सिल सेल. खिळा चकतीवर सेकंदाला ऐंशी-नव्वद ठोके मारायचा. त्याची थरथर गळ्यातून तोंडात जायची आणि जीभ, दात, ओठ तिचे शब्द करायचे.

आई भिंतीला टेकून खाली बसली. पिठाचे हात पदराला पुसले. मग हळूच म्हणाली, “तुझ्या आप्पांस्नी दाखवलास?”

ही गोष्ट एक्याण्णव सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, सांगलीच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून जयसिंगपुरात शिराळकरांच्या दुरुस्तीच्या दुकानात काम करत होते. आणि माझे आप्पा, भूपाल मगदूम, सात महिने झाले होते, एक शब्द बोलले नव्हते.

आप्पा साखर कारखान्यात कारकून होते, पण त्यांना ओळखायचे ते कुस्तीचे निवेदक म्हणून. शिरोळ, हातकणंगले, मिरज, तासगाव, कुठंही मैदान असलं की माईकवर आप्पाच. पैलवानाचं नाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, मागं कुणाला कुठल्या डावावर पाडलं, सगळं पाठ. हलगी थांबायची आणि त्यांचा आवाज सुरू व्हायचा. भरड, खोल, विहिरीतून वर आल्यासारखा. लोक म्हणायचे, भूपालआप्पा बोलायला लागले की आंधळ्यालापण कुस्ती दिसते.

तंबाखूनं घात केला. मिरजेच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गळ्याच्या खाली श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर आप्पा पातळ रुमाल बांधायचे. बोलायचं असलं की पाटीवर लिहायचे. हळूहळू लिहिणंही कमी झालं. तालमीकडं जाणं बंद, कट्ट्यावर जाणं बंद. दिवसभर माजघरात भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला एका पुस्तकातलं चित्र दाखवलं होतं. परदेशात असं यंत्र मिळतं, म्हणाले. “तोंड शाबूत आहे त्यांचं. फक्त आतली गुणगुण गेली आहे. ती बाहेरून दिली तर बोलता येतं. पण आपल्याकडं हे यंत्र अजून कुठं बघितलं नाही मी.”

बाहेरून गुणगुण द्यायची. परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तेवढंच फिरत राहिलं. त्यातून ही साबणाची डबी झाली होती.

त्याच संध्याकाळी मी ती आप्पांच्या हातात ठेवली. कुठं दाबायची, कशी धरायची, दाखवलं. ऑपरेशननंतर त्यांचा गळा लाकडासारखा कडक झाला होता, तिथं थरथर आत शिरेचना. डावीकडं जबड्याखाली रुपयाएवढी मऊ जागा सापडली. तिथं डबी टेकवून आप्पांनी ओठ हलवले.

“त्रिशला.”

 आईनं पदर तोंडात धरला. आणि नेमकी तेव्हाच शेजारची चंपाकाकू विरजण मागायला दारात आली.

“अरे देवा,” ती कपाळावर हात मारून म्हणाली, “काय वाघासारखा आवाज होता, आणि काय ही वेळ आली माणसावर!”

आप्पांनी डबी खाली ठेवली. पाटी ओढली आणि लिहिलं, “ठेव तिकडं.” मी खूप समजावलं, रडलेसुद्धा. त्यांनी पाटी पुसून कूस बदलली.

मला त्यांचा राग आला होता. एवढं करून दिलं, तर माणसानं बोलू नये? दोन आठवडे मीही त्यांच्याशी बोलले नाही. घरात तिघं माणसं आणि आवाज फक्त भांड्यांचा.

त्या काळात रविवारी सकाळी टीव्हीवर ‘नक्षत्रदल’ नावाची मालिका लागायची. अंतराळातलं एक यान, त्यावरचे शिपाई आणि त्यांचा सेनानी अगम. अगमच्या ग्रहावर हवाच नव्हती, म्हणून तिथल्या लोकांना आवाज नव्हता. तो एक चांदीसारखी कांडी गळ्याला लावून बोलायचा. बोलताना तिच्या टोकाला लाल दिवा लागायचा. मालिकेत तिला काहीतरी जड नाव होतं, आमच्या गावानं तिचं नाव ठेवलं होतं नादकांडी. अख्खी गल्ली आमच्या घरी गोळा व्हायची, कारण गल्लीतला एकमेव चालू टीव्ही आमचा होता. मी मेकॅनिक ना.

त्या रविवारी यानावर बंड झालं. शिपाई एकमेकांच्या उरावर बसले. आरडाओरडा, धूर. मग दारातून अगम आला. त्यानं काही केलं नाही, फक्त नादकांडी उचलून गळ्याला लावली. लाल दिवा लागला. अजून तो बोललाही नव्हता, पण सगळं यान गप्प झालं.

माझी नजर सहज मागं गेली. आप्पा माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभे होते. पाठ ताठ. सात महिन्यांत मी त्यांना असं उभं बघितलं नव्हतं. उजवा हात नकळत जबड्याखाली, त्या मऊ जागेवर गेला होता.

 गल्ली पांगल्यावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि आठवतं तसं चित्र काढायला बसले.

आमच्याकडं टीव्हीवरचं चित्र थांबवून बघायची सोय नव्हती. आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासात चार-पाच वेळा नादकांडी दिसायची, तीही क्षणभर. पुढचे तीन रविवार मी पडद्यापासून वीतभर अंतरावर, मांडीवर कागद घेऊन बसले. लोक ओरडायचे, “ए त्रिशे, डोकं बाजूला घे की!” चित्र हललं की आई गच्चीवर जाऊन अँटिना फिरवायची. तिला मी काय करतेय ते सांगितलं नव्हतं, पण तिनं विचारलंही नाही.

तिसऱ्या रविवारी कोडं सुटलं आणि मला एकटीलाच हसू आलं. परग्रहावरची ती नादकांडी म्हणजे सायकलच्या पंपाची नळी होती! वरची गोल वाटी सायकलच्या घंटीची, पायथ्याशी स्टोव्हच्या बर्नरची टोपी, मध्ये तीन पितळी कडी. वरून चांदीचा रंग. कुठल्यातरी स्टुडिओत माझ्यासारख्याच कुणीतरी भंगारातून ती जोडली होती. अगमचं काम करणारा नट दिवा अंगठ्यानं लावत असणार आणि आवाज पडद्यामागचा कुणीतरी देत असणार. ती कांडी बोलत नव्हती. माझी बोलणार होती.

शिराळकर मालकांनी दुपारचा एक तास दिला. इरफानभाईच्या सायकल दुकानातून फुटका पंप आणि गंजकी घंटी आणली. नळी अरुंद, साबणाच्या डबीतलं काहीच तिच्यात मावेना. वेटोळं मी हातानं नव्यानं गुंडाळलं, केसाएवढ्या तारेचं. दोनदा जळालं. तिसऱ्यांदा टिकलं.

“कुणाचं काम हाय हे एवढं नाजूक?” मालकांनी चष्म्यावरून विचारलं.

“सेनानीचं,” मी म्हटलं.

आवाज मात्र डासासारखा बारीक येत होता. मग मला आठवली चौऱ्याऐंशी सालच्या मैदानाची कॅसेट. दुकानातल्या टेपवर ती लावली आणि एका कानानं आप्पांचा आवाज ऐकत, दुसऱ्या कानानं कांडीचा, स्क्रू ड्रायव्हरनं कणाकणानं सूर खाली आणला. त्यांच्या खर्जाला येऊन मिळाला तेव्हा मालकांनी हातातली कात्री खाली ठेवली. म्हणाले, “बास. आता हात लावू नकोस.”

पण मी लावला. कारण निवेदन म्हणजे एकसुरी बोलणं नव्हे, कुस्ती निकाली होताना आवाज चढायला लागतो. म्हणून एकाऐवजी दोन बटणं बसवली. अंगठ्याखालचं खालच्या सुराचं, तर्जनीखालचं वरच्या. टोकाला लाल दिवा लावला आणि वरून चांदीचा रंग दिला.

सोमवारी सकाळी आप्पांच्या उशाशी नादकांडी ठेवली आणि कामाला गेले. हातात दिली नाही, समजावलं नाही. संध्याकाळी आले तर आप्पा घरात नव्हते. आईनं डोळ्यांनीच मागच्या उसाकडं खूण केली. मी बांधावर जाऊन उभी राहिले. उसाच्या आतून, पानांच्या सळसळीतून आवाज येत होता.

“क. का. कि. की.”

महिनाभर ते रोज उसात जायचे. मी सुट्टीच्या दिवशी सोबत जायचे. चुका कळत गेल्या. जोर लावला की गळ्याच्या भोकातून हवा सुटायची आणि शब्द फिसकटायचे, म्हणून श्वास सोडून देऊन, सावकाश बोलायचं. ‘ह’ काही केल्या येत नव्हता, ते नुसत्या श्वासाचं अक्षर. आप्पांनी त्यावर तोड काढली, ‘ह’ असलेले शब्दच टाळायचे. हाताला ते दंड म्हणायला लागले, हनमंताला मारुती. पण गावात कुणासमोर नादकांडी काढायला तयार होईनात. खिशात घेऊन फिरायचे आणि पाटीवर लिहायचे. मी म्हटलं, आता कशाची वाट बघताय? त्यांनी लिहिलं, “वेळ येऊ दे.”

वेळ जत्रेत आली.

गावच्या मैदानाला दहा हजार माणूस होतं. तालमीचे बाळू वस्ताद स्वतः घरी येऊन आप्पांना घेऊन गेले. “आप्पा, बोलू नका. नुसतं येऊन बसा. फेटा बांधून तुमचा मान करायचाय.” आप्पा गेले, फेटा बांधून घेतला, पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले. मी बायकांसोबत शाळेच्या गच्चीवर होते. तिथूनही दिसत होतं, लोक येऊन त्यांच्या पाया पडत होते आणि वळल्यावर मान हलवत होते. माईकवर नवे निवेदक होते, संपत गुरुजी, शाळेत शिकवणारे. माणूस चांगला, पण घाबरट.

शेवटची मोठी कुस्ती. एका बाजूला रावसाहेब, शहरातल्या नावाजलेल्या तालमीचा, चार ट्रक भरून समर्थक घेऊन आलेला. दुसऱ्या बाजूला वसंता खोत, नदीपलीकडच्या वाडीचा, सोबत फक्त त्याचा म्हातारा वस्ताद. पंचवीस मिनिटं कुणी कुणाला हलवेना. हलगीवाल्यांचे हात दुखायला आले. कंटाळून संपत गुरुजी मानकऱ्यांच्या नावांची यादी वाचायला लागले, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घडलं. दोन्ही पैलवान एकमेकांत गुंतले, वसंताच्या दंडात रावसाहेबाचं डोकं दिसलं, एक गिरकी, लाल माती उडाली, आणि रावसाहेब पाठीवर.

अर्धं मैदान नाचत उठलं. उरलेलं अर्धं ओरडायला लागलं.

“गळा आवळला! गळा धरला त्यानं! कुस्ती रद्द करा!”

पंच एकमेकांकडं बघायला लागले. गुरुजींच्या हातात यादी होती, त्यांनी काहीच बघितलं नव्हतं. ते माईकवर नुसतंच “शांतता राखा, शांतता राखा” म्हणत राहिले. चार ट्रकांतली माणसं दोर ओलांडून आखाड्यात उतरली. कुणीतरी वसंताची मान धरली. त्याचा म्हातारा वस्ताद मध्ये पडला, त्याला ढकललं, त्याचं मुंडासं मातीत गेलं. आणखी एक मिनिट, आणि मारामारी पेटली असती.

तेव्हा आप्पा उठले. फेटा नीट केला, चालत माईकपाशी गेले. गुरुजींनी गोंधळून माईक सोडला. आप्पांनी खिशातून नादकांडी काढली आणि जबड्याखाली टेकवली. उन्हातही तो लाल दिवा मला गच्चीवरून दिसला.

“थांबा.”

भोंग्यांतून तो आवाज चारी बाजूंनी फुटला. काही जण हसले. कुणीतरी ओरडलं, “यंत्रमानव आला रे!” आणि लगेच दुसरीकडून आवाज आला, “गप ए! नादकांडी हाय ती! नादकांडी!” तो शब्द मैदानभर पसरला. पुढचे मागच्यांना दाखवायला लागले. आखाड्यात उतरलेलेसुद्धा मान वर करून बघायला लागले, आणि बघता बघता गप्प झाले.

“मी भूपाल मगदूम.”

आखाड्यात उतरलेल्यांतले काही जण दोराकडं मागं सरले.

“गळा कुणी धरला? मी बघितलं. डावा दंड मानेमागं. उजवा दंड गुडघ्याखाली. दोन्नी मनगटं एकमेकांत. सरपणाची बांधतात तशी.” ते थांबले. तर्जनी वरच्या बटणावर गेली. “डावाचं नाव, मोळी!”

जुन्या पैलवानांच्या घोळक्यातून “वाऽऽ” असा आवाज आला.

“तीस वरसं माईकवर काढली. मोळी दोनदा बघितली. आज तिसऱ्यांदा. रावसाब, बाळा, तूच सांग. गळा आवळला?”

मातीनं माखलेला रावसाहेब उठून बसला होता. त्याची सगळी माणसं त्याच्याकडं बघत होती. एक शब्द खोटा बोलला असता तर कुस्ती रद्द झाली असती. पण तो उभा राहिला, माईकपाशी आला आणि मान खाली घालून म्हणाला, “न्हाई आप्पा. गळा मोकळा हुता. पडलो मी.”

आणि त्यानं वळून वसंताचा हात वर केला.

त्यानंतर काय झालं ते मला सलग आठवत नाही. हलग्या, तुताऱ्या, हवेत फेटे, वसंताला खांद्यावर घेणारी रावसाहेबाचीच माणसं. आप्पा माईक सोडायला तयार नव्हते. दोन्ही पैलवानांची नावं, तालमी, वस्ताद, सगळं त्यांनी सावकाश, अक्षर-अक्षर सांगितलं. मग म्हणाले, “आता आणखी एक नाव. मी आज बोलतो ते कुणामुळं? भूपाल मगदूमची लेक. त्रिशला! टाळ्या!”

मी आयटीआयला नाव घातलं तेव्हा हेच आप्पा आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पोरीनं तारा जोडून काय दिवे लावायचेत, म्हणाले होते. गच्चीवरच्या बायकांनी मला ढकलत ढकलत कठड्यापाशी नेलं. खाली दहा हजार माणसं वर बघत टाळ्या वाजवत होती. चंपाकाकू माझा दंड धरून सगळ्यांना सांगत होती, “माझ्या शेजारची हाय ही! भिंतीला भिंत लागून!”

घरी चालत येताना मी आप्पांना विचारलं, “डबीतून पण बोलता येत हुतं की. तवा का नको म्हणालासा?”

आप्पा रस्त्याच्या कडेला थांबले. नादकांडी लावली.

“डबीतनं बोललो तर लोक कीव करतात. कीव करणारा माणूस ऐकत नाय, नुसता बघतो.” कांडी जरा सरकवून म्हणाले, “निवेदकाचं सगळं ऐकणाऱ्यावर असतं, पोरी.”

मी साबणाच्या डबीत त्यांना आवाज दिला होता. त्यांना हवे होते ऐकणारे. ही गोष्ट मला मेकॅनिक होऊनही कळली नव्हती, भंगारातून कांडी जोडणाऱ्या त्या कुण्या अनोळखी माणसाला नकळत ठाऊक होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर एक जोडपं बसलं होतं. जतकडचे मेंढपाळ. पहाटेच्या गाडीनं आले होते. माणूस उंच, खांद्यावर घोंगडं, गळ्याला रुमाल. रुमाल बघूनच मला कळलं.

“मैदानात ह्यांचा भाचा हुता,” बाई म्हणाली. “त्यानं सांगितलं. दोन वरसं झाली बाई, ह्यांच्या तोंडातनं शब्द न्हाई. मेंढरंसुद्धा वळखंनात ह्यांला.”

मी निरोप पाठवून आप्पांना बोलावून घेतलं. ते सायकल मारत आले. आल्या आल्या त्या माणसासमोर स्टुलावर बसले, आपली नादकांडी रुमालानं पुसली आणि त्याच्या जबड्याखाली बोटांनी चाचपत मऊ जागा शोधायला लागले. अर्धा तास लागला. उजवीकडं, कानाच्या थोडी खाली सापडली. मग आप्पांनी त्याला हातानंच खुणा करून शिकवलं, श्वास सोड, घाई नको, ओठ मोठे हलव.

त्या माणसानं नादकांडी लावली. लाल दिवा लागला. नुसतीच गुणगुण. पुन्हा. पुन्हा नुसतीच गुणगुण. शिराळकर मालक काम सोडून उभे होते. तिसऱ्यांदा त्यानं बायकोकडं बघितलं आणि ओठ हलवले.

“सुंदरा.”

बाई दचकली. आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं की काय म्हणून. मग पदर डोक्यावर पुढं ओढला आणि लाजून, रडत, हसत म्हणाली, “अवं! चारचौघांत बायकोचं नाव घेत्यात व्हय?”

त्यानं तर्जनी वरच्या बटणावर सरकवली आणि पुन्हा, आणखी चढ्या सुरात, तेच नाव घेतलं.